बासरीच्या पोटात जवसाचे तेल

माझी पहिली हातबनावटीची बासरी वैशाखातल्या एका रात्री, कोणी हात लावलेला नसताना, फळीवर ठेवल्या जागी तडकली. संध्याकाळी भजनात ती तासभर वाजली होती. दिवसभर पंचेचाळीस अंशांचे ऊन पडून गेले होते आणि रात्रीही झळा थांबल्या नव्हत्या. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर मुखरंध्रापासून पहिल्या स्वररंध्रापर्यंत केसाएवढी सरळ रेघ गेलेली होती. फुंकून पाहिल्यावर वरचे स्वर कसेबसे निघत होते, पण मंद्र पंचम काही केल्या लागेना. रेघेत फेविक्विक भरून वरून नायलॉनचा दोरा गुंडाळला आणि काही दिवस काम भागवले. मात्र ही भेग पडली कशी, याचा छडा लावल्याशिवाय दुसरी नळी हातात घ्यायची नाही, असे ठरवले.

कारण समजले तेव्हा ते इतके सरळ होते की आधी लक्षात कसे आले नाही याची लाज वाटली. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते आणि तिच्यावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे बाहेरून पाणी आत शिरत नाही. आतली भिंत मात्र मऊ आणि तहानलेली असते. वादकाचा श्वास ओला असतो. तो नळीच्या भिंतीला लागला की आतला थर पाणी पिऊन फुगतो, बाहेरची साल विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात आखडून बसलेली असते, आणि ही ओढाताण असह्य झाली की साल तंतूंच्या दिशेने उलते. म्हणजे माणसे बासरीच्या बाहेरून जे तेलपाणी करतात, त्याचा भेगेशी फारसा संबंधच नाही. ज्या अंगाला लेप हवा ते अंग आत आहे आणि तिथे बोट पोहोचत नाही.

आतून तेल दिले की स्वर गोड होतो, असे मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक वादकाने सांगितले होते. मला आधी पाण्याचा बंदोबस्त हवा होता. गोडवा आला तर आला. म्हणून तेल लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, अशा दोन्ही वेळी वाजवून आणि वजन करून पाहायचे ठरवले. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाखा डाकघर सांभाळतो. काम चार-पाच तासांचे असते, उरलेली दुपार माझी. गावात एक सोनार आहेत आणि त्यांचा काटा ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवतो. बासरी तोलायला घेऊन गेलो तेव्हा पहिल्या दिवशी ते हसले. पुढे त्यांनाच आकडे जाणून घ्यायची उत्सुकता लागली.

नळीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडचा मानवेल बांबू टोपल्या, सुपे, ताट्या आणि काठ्यांसाठी उत्तम, पण त्याची भिंत जाड आणि पोकळी अरुंद असते; कोरड्या जमिनीतला तर जवळजवळ भरीवच निघतो. बासरीवादक पन्नालाल घोष यांनी लांब, खर्जाची बासरी मैफलीत आणल्यापासून पातळ भिंतीचा आणि लांब पेराचा आसामकडचा बांबू लागतो, तो मी नागपूरहून मागवतो. अंतिम बासरी त्याचीच होती: पांढरी सहाची (म्हणजे हार्मोनियमच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची), बावीस इंच लांब, आतला व्यास अठरा मिलिमीटर. प्रयोगाचे तुकडे मात्र गावातल्या बुरुडकाकांकडून घेतले. हे तुकडे बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात तीन आठवडे बुडवून नंतर सावलीत वाळवलेले होते. पाण्यात बांबूमधले पिष्ट झिरपून जाते आणि भुंगेऱ्याला खाण्यासारखे फारसे काही उरत नाही. आतून लेप द्यायचा असेल तर हे आधी झालेले बरे, कारण किडीच्या भोकांतून पिठासारखा भुसा पडू लागला की वरचा लेप कितीही चांगला असून उपयोग नसतो.

तुकडे सहा होते. एकात मोहरीचे तेल, एकात खोबरेल, एकात करडईचे, एकात घाणीचे जवसाचे, एकात स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख आणि सहावा कोरा. मेणाचा विचार आधीच सोडला होता. मधमाशीचे मेण बासष्ट-त्रेसष्ट अंशांना वितळते हे खरे, पण त्याच्या पुष्कळ आधी ते मऊ पडते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या घरात ते धूळ धरून ठेवणारा चिकटा होऊन बसले असते.

मोहरीच्या तेलाबद्दल मला आदर आहे. कितीतरी वादक तेच वापरतात आणि त्यांच्या बासऱ्या टिकतात. पण माझ्या तुकड्यात ते तीन आठवड्यांनीही तेलच राहिले. बोट फिरवले की बोट तेलकट, आणि बोटावर करड्या धुळीचा थर. खोबरेलाचीही तीच गत. करडईचे जरासे घट्ट झाले, पण चिकट राहिले. जवसाच्या तुकड्यात मात्र बाराव्या दिवशी बोट कोरडे आले आणि आत पिवळसर, किंचित चकचकीत असा पापुद्रा दिसला. या फरकाचे मोजमाप आयोडीन मूल्यात असते: १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरते तो आकडा. खोबरेलाचा तो दहाच्या आतबाहेर असतो, मोहरीचा शंभर-एकशे दहाच्या आसपास, करडईचा एकशे चाळीसच्या घरात आणि जवसाचा १७० ते २००. आकडा जेवढा मोठा, तेवढे ते तेल हवेतला प्राणवायू घेऊन आपल्या रेणूंची एकमेकांत गुंफण करते आणि घट्ट होते. जवसाचे तेल वाळते म्हणजे त्यातले काही उडून जाते, असे नव्हे. उलट ते हवेतून घेते आणि वजनाने थोडे वाढते. ही गोष्ट मला पुढे महागात पडली, ती सांगतोच.

लाखेने मला सर्वांत जास्त मोह घातला होता. पळसाच्या आणि कुसुमच्या फांद्यांवरची लाख आमच्या झाडीपट्टीला परकी नाही. ती दोन तासांत वाळते, पोटात गेली तरी घातक नाही आणि आतून आरशासारखी चमक आणते. तालुक्याच्या एका दुकानातून चपडी आणली. ती जुनी असावी, कारण स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवूनही तळाशी जेलीसारखा गोळा उरला. जुनी लाख नीट विरघळत नाही आणि विरघळली तरी नीट कडक होत नाही, हे नंतर कळले. दुसऱ्या खेपेला ताजी मिळाली आणि लेप सुरेख बसला. पण तुकड्याच्या तोंडातून रोज अर्धा तास फुंकर मारत राहिलो, तेव्हा आठवड्याभरात, जिथे श्वास सर्वांत आधी आदळतो तिथे, दुधासारखा पांढरा डाग उमटला. लाखेला पाण्याचा असा डाग पडतो. बासरीत तो नेमका मुखरंध्राखाली पडला असता.

रंगाऱ्यांचे बेलतेलही दुकानात समोरच होते. तेही जवसाचेच, पण लवकर वाळावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार घालतात; ओठाला लागणाऱ्या वस्तूत मला ते नको होते. पॉलियुरेथेनच्या डब्याचाही दुकानदाराने आग्रह केला. तो लेप पाण्याला पक्का असतो हे मान्य, पण बांबूवर त्याची पकड सुटली की त्याचे टवके निघतात, आणि वादक टवके श्वासाबरोबर आत ओढणार, या कल्पनेने मी डबा परत ठेवला. यावर दुसऱ्या कोणाचे मत वेगळे असू शकते.

लेपाआधीच्या तयारीत लेपापेक्षा जास्त वेळ गेला. नव्या नळीत कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पापुद्रा असतो. तो राहिला तर तेल त्याच्यावर बसते आणि पुढे दोन्ही एकत्र सुटून येतात. पऱ्हाटीच्या लांब, सरळ काडीला पॉलिश पेपर गुंडाळून, आधी १२० नंबर, मग २२०, मग ४००, असा आत-बाहेर फिरवला. तापवलेल्या गजाने पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडांना काजळीचा कडक काठ राहतो. तो ब्लेडच्या तुकड्याने हलकेच खरवडला. मग ओलसर फडके आतून एकदा ओढले. ओल लागली की बांबूचे बारीक तंतू उभे राहतात. नळी वाळू दिली आणि ४०० नंबरने ते पुन्हा निजवले. नळी उजेडाकडे धरून पाहिले, तेव्हा पहिल्यांदा आतून एक सलग, पिवळी, गुळगुळीत भिंत दिसली.

याच टप्प्यावर, तेलाचा थेंबही लागलेला नसताना, वाजवून पाहिले. मंद्र पंचम, जो आधी फुंकर जपून लावली तरच बोलत असे, तो आता सहज बोलू लागला. नळीतल्या भिंतीलगत हवेचा एक थर घर्षणाने अडखळतो. मध्य सप्तकाच्या आसपास त्याची जाडी एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाएवढी असते. एवढ्याच उंचीचे तंतू भिंतीवर उभे असतील तर ते त्या थराची घडी विस्कटतात आणि फुंकरीची ताकद तिथेच खर्ची पडते. म्हणून माझी अशी पक्की समजूत झाली आहे की ज्याचे श्रेय आपण तेलाला देतो, त्यातले बरेच श्रेय पॉलिश पेपरचे असते. जॉन कोल्टमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ साली चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या ऐकवल्या होत्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यांतला फरक ओळखता आला नव्हता. आपल्याकडे धातूचे नाव काढले की लोक नाक मुरडतात, पण कानाला आधी पोकळीचे माप आणि तिचा गुळगुळीतपणा कळतो, असे मला वाटते.

आता चूक सांगतो. घाई झाली आणि पहिला हात आषाढात दिला. बाहेर झड लागलेली होती, हवेत ओल होती, आणि मी तेल ओतूनच घेतले: नळीची भोके चिकटपट्टीने बंद केली, वाटीभर तेल एका टोकाने सोडले, फिरवले आणि दुसऱ्या टोकाने निथळू दिले. वाटले, आत सगळीकडे पोहोचले पाहिजे. नळी दारामागे उभी ठेवली. आठ दिवसांनी पाहिले तर वरचा भाग चिकट, खालच्या टोकाला मधासारखा गठ्ठा, आणि मुखरंध्राच्या कडेवर गव्हाच्या दाण्याएवढा एक थेंब अर्धवट वाळून, सुरकुतून बसलेला. ती कड म्हणजे बासरीचा प्राण. फुंकर तिच्यावर दुभंगते तेव्हा स्वर उठतो. तिथे दाणा बसला की स्वरात नुसता वारा येतो.

गोवारी समाजातले एक वृद्ध आमच्या गावची गुरे राखत असत. दिवाळीत गायगोधनाच्या वेळी त्यांची बासरी अजूनही वाजते. मी त्यांना काकाजी म्हणतो. त्यांना नळी दाखवली. त्यांनी ती नाकाशी नेली, आत डोकावले आणि म्हणाले, “पोस्टमास्तर, बासरीले तेल पाजाचं असते, आंघोळ घालाची नसते. अन् पाजल्यावर तोंड पुसून द्याचं.” त्यांच्या लहानपणी मोहाच्या बियांचे तेलही लावत, ते थंडीत थिजते, म्हणून बासरी शेकोटीपाशी धरावी लागे, असेही त्यांनी सांगितले.

तो चिकटा काढायला दोन दुपार गेल्या. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके, मग कोरडे फडके, मग पुन्हा पॉलिश पेपर. आणि याच कामात ती दुसरी चूक घडता घडता राहिली. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून मी गोठ्याच्या कोपऱ्यात, तणसाच्या ढिगाजवळ टाकली होती. तासाभराने आई तिकडे गेली आणि तिने हाक मारली, “अरे, इथं करपल्यासारखं काय घमघमतंय?” बोळा हातात घेतला तर तो चहाच्या कपासारखा गरम लागला, मधोमध तपकिरी झालेला. तेल हवा घेते तेव्हा उष्णता निघते. फडके पसरलेले असेल तर ती उडून जाते, बोळ्यात मात्र ती साठत जाते आणि कोणी काडी न लावताही पेट घेऊ शकते. त्या दिवसापासून माझी फडकी अंगणातल्या दोरीवर एकेक पसरून वाळतात किंवा पाण्याच्या बादलीत पडतात. तेलाचा नाद करणाऱ्या कोणालाही मी हे सर्वांत आधी सांगतो.

दुसरा प्रयत्न दिवाळीनंतर केला, हवा कोरडी झाल्यावर. मधल्या काळात घाणीचे तेल काचेच्या बाटलीत उन्हात ठेवले होते. कच्च्या तेलात बुळबुळीत गाळ असतो. तो तळाशी बसला आणि वरचे तेल लालसर पिवळ्यावरून फिकट सोनेरी झाले. वरचे निवळ तेल ताटलीत पातळ पसरून, वर जाळी झाकून, आणखी दहा दिवस ऊन दिले, तेव्हा ते काकवीच्या जवळ गेले. असे उन्हात घट्ट झालेले तेल पुढचा प्रवास लवकर पुरा करते, शिवाय वाळताना सुरकुतत नाही. पहिल्या हातासाठी मात्र पातळ तेलच घेतले, कारण तो हात बांबूत मुरला पाहिजे.

मुखरंध्राकडचे टोक बंद करणारे बूच अजून पक्के बसवलेले नव्हते, म्हणून नळी दोन्हीकडून उघडी होती. सुतळीच्या मध्यावर जुन्या धोतराची पट्टी गाठली, पट्टीवर अर्धा चमचा तेल घेतले आणि ती एका टोकातून घालून दुसऱ्या टोकाने ओढली. मग उलट्या दिशेने, मग पुन्हा. अठरा मिलिमीटरच्या नळीला एका हाताला चहाचा एक चमचा तेलसुद्धा लागत नाही, हे पहिल्यांदा वाटीभर ओतणाऱ्याला सांगायला हवे होते. स्वररंध्रांच्या कडांना काडीपेटीच्या काडीवर कापूस गुंडाळून वेगळे तेल दिले, कारण तिथे बांबूच्या तंतूंची टोके उघडी असतात आणि ती टोके भिंतीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने पितात. पाहता पाहता कड कोरडी होते आणि पुन्हा मागते. अर्ध्या तासाने कोरडी पट्टी तशीच ओढून जे उरले ते सगळे पुसून घेतले. काकाजींनी सांगितले होते ते हेच. पुसल्यावर आत तेल दिसता कामा नये, नुसता ओलसर रंग दिसावा.

नळी आता दारामागे नव्हे, तर पडवीत वाऱ्याच्या तोंडाला, दोरीने उभी टांगली. बंद नळीत हवा खेळत नाही आणि हवा नसेल तर हे तेल वाळणार कशाने? रोज सकाळी टपालाची थैली उघडण्यापूर्वी तिचे टोक बदलायचे, खालचे वर आणि वरचे खाली, असा नेम ठेवला. पहिला हात सहा दिवसांत कोरडा झाला, दुसरा नऊ, तिसरा, उन्हातल्या घट्ट तेलाचा, आठ. दर दोन हातांच्या मध्ये ४०० नंबरचा पेपर एकदाच, अगदी हलका फिरवला. त्यानंतर तीन आठवडे तिला हात लावला नाही. वास जाईपर्यंत तेल पुरते बसलेले नसते. आमच्या घरात जवसाची चटणी नेहमी असल्यामुळे नळीचा वास कोणता आणि चटणीचा कोणता, हे ओळखणेही सोपे नव्हते.

स्वररंध्रे मुद्दाम जराशी लहान ठेवली होती. श्रुती शेवटी लावली, लेप पक्का झाल्यावर, आणि कानशीने उघडी पडलेली टोके पुन्हा काडीने तेलावली. मग बूच बसवले. ते आधी बसवले असते तर त्याच्यामागे तेल साचून कायमचे ओले राहिले असते.

सोनारकाकांच्या काट्यावर कोरी नळी अर्धा तास वाजवल्यावर ०.५८ ग्रॅमने जड झाली होती. लेप दिलेली, तेवढाच वेळ वाजवून, ०.२१ ने. आणि हे ०.२१ आत थेंबांच्या रूपात दिसत होते. फडके एकदा ओढून पुन्हा तोलले तर काटा ०.०४ वर आला. सोनारकाका म्हणाले, “सोनं असतं तर एवढ्या फरकावरून भांडण झालं असतं.” आवाजाच्या बाबतीत, खरे सांगायचे तर, तेलाआधीचे आणि तेलानंतरचे ध्वनिमुद्रण भजनी मंडळातल्या चौघांना ऐकवले, तेव्हा दोघांनी आधीचे बरे म्हटले आणि दोघांनी नंतरचे. माझ्या हाताला मात्र एक फरक जाणवतो: पूर्वी वीस मिनिटांनी स्वर जड होऊ लागत, कारण भिंत ओली होत जाई. आता तासाभरानेही फुंकर तेवढीच लागते.

यंदाचा वैशाख तिने काढला. भेग नाही. मुखरंध्राखाली अंगठ्याच्या नखाएवढा भाग थोडा निस्तेज झाला आहे, तिथला लेप ओठाच्या ओलीने झिजतो. पावसाळा लागण्यापूर्वी काडीवर कापूस घेऊन तेवढ्याच जागी एक थेंब फिरवला आणि बासरी पुन्हा पडवीतल्या दोरीला टांगली. तिच्या शेजारी आता काकाजींच्या नातवाची टांगलेली आहे, तिचा दुसरा हात अजून ओला आहे.